आकडे आणणारा साहेब विषारी असला तरी कंपनी त्याला का सांभाळते?

तिसरी_पाळी
कंपनी जगभर पसरलेली. आमचे साहेब एका खंडात, टीम दुसऱ्या, त्यांचे वरिष्ठ तिसऱ्या. वरिष्ठांना ते महिन्यातून एकदा, पाऊण तास, स्लाइडसकट दिसतात. तिथे एकदम मधाळ. आमच्या आठवडी कॉलवर मात्र: "हा आकडा कोणी भरला? कॅमेरा चालू कर, मला तुझं तोंड बघायचंय." सगळे म्यूटवर. ती मुलगी कॅमेरा चालू करते आणि साहेब शांतपणे पुढच्या विषयाकडे वळतात.

दुसरं म्हणजे, प्रकल्पाची स्थिती आम्ही लाल, म्हणजे अडचणीत, लिहून पाठवतो. वर जाताना ती पिवळी होते, अजून वर हिरवी. अशा अहवालाला 'कलिंगड' म्हणतात ते उगाच नाही. वरच्यांना यातलं काहीच कळत नसेल? मला नाही पटत. दुभत्या गाईच्या लाथा गोड. म्हणून माझं मत: एचआरच्या नादी लागू नये, गुपचूप दुसरी नोकरी बघावी.

कडक_पण_सरळ
असहमत. माझ्याही हाताखाली तीन टाइमझोनमधली माणसं आहेत. कॅमेऱ्याचा प्रकार वाईटच, त्याचं समर्थन नाही. पण हल्ली मुदत विचारली तरी माणूस 'टॉक्सिक' ठरतो. जॅक वेल्च यांच्या काळात जनरल इलेक्ट्रिक दरवर्षी तळाच्या १० टक्के लोकांना दार दाखवत असे, आणि त्याच काळात ती जगातली सर्वांत मूल्यवान कंपनी झाली. दबावाशिवाय एवढा डोलारा चालत नाही.

वाचनमात्र_होते
वेल्च यांचं उदाहरण येणारच होतं! त्याच धर्तीची उतरंड, म्हणजे कर्मचाऱ्यांना एकमेकांच्या तुलनेत क्रमांक देणं, मायक्रोसॉफ्टनेही लावली होती. २०१३ मध्ये मोडीत काढली. शेजारच्याला मदत केली तर आपलाच नंबर खाली, मग कोण कशाला मदत करेल?

आणि दबावाने आकडे येतात हे खरं, पण कसले? वेल्स फार्गो बँकेत एका ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ उत्पादनं मारायचं लक्ष्य होतं. लोकांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी कामावरून गेले. लक्ष्य ठरवणारे तेव्हा त्या आकड्यांवर खूशच होते.

कडक_पण_सरळ
बँकेतला तो गुन्हा होता. इथे साहेब तोंडाळ आहे, एवढंच.

वाचनमात्र_होते
लाल अहवाल हिरवा करणं म्हणजे तोंडाळपणा?

दोन_फायली
धागाकर्त्यांच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. तुम्ही गेलात की त्या खुर्चीवर नवा माणूस बसेल आणि त्यालाही तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तक्रारीने काही होत नाही हेही खरं नाही. फ्रान्स टेलिकॉमने २००६ नंतर २२,००० लोक कमी करायचे ठरवले आणि ते स्वतःहून निघून जावेत असं वातावरण तयार केलं. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या झाल्या. संघटनेने तक्रार लावून धरली आणि २०१९ मध्ये माजी प्रमुखांसह वरिष्ठ मंडळी 'संस्थात्मक मानसिक छळा'साठी दोषी ठरली.

तिसरी_पाळी
आणि सर्वोच्च पातळीवर शिक्कामोर्तब २०२५ मध्ये. तोवर माझ्या कर्जाचे हप्ते तुम्ही भरणार का?

दोन_फायली
नाही भरणार :) म्हणून तर म्हणते, तक्रार कशाची करायची ते नीट निवडा. "साहेब अपमान करतात" असं लिहिलंत तर एचआर दोघांना समोरासमोर बसवेल, "संवाद वाढवा" म्हणेल आणि तुमचं पुढचं मूल्यमापन पुन्हा त्यांच्याच हातात. "अमुक तारखेचा अहवाल लाल होता, तो वर हिरवा गेला" हे अंतर्गत लेखापरीक्षणाकडे द्या. मोठ्या कंपन्यांत हा विभाग सहसा थेट संचालक मंडळाच्या समितीला उत्तर देतो, साहेबांच्या साखळीत बसत नाही. वागणुकीवर कंपनी वाद घालेल, बदललेल्या आकड्यावर घालता येत नाही.

फक्त पुरावा म्हणून कंपनीच्या मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवू नका. त्याच कारणावरून तुम्हालाच काढतील.

कडक_पण_सरळ
हे पटलं. फाइलच्या जुन्या आवृत्त्या आहेत का?

तिसरी_पाळी
सामायिक फोल्डरमध्ये आहेत. कोणी कधी बदल केला तेही दिसतं. पण ती फाइल भरणारे आम्ही तिघंच. तक्रार निनावी केली तरी कोणाची ते साहेब ओळखणारच.

वाचनमात्र_होते
शंका रास्त आहे. वेल्स फार्गोच्याच एका व्यवस्थापकाने गैरप्रकाराबद्दल बँकेच्या एथिक्स हॉटलाइनवर (तक्रारीच्या फोनवर) कळवलं होतं, २०१० मध्ये नोकरी गेली. परत घ्या असा सरकारी आदेश आला तो २०१७ मध्ये.

दोन_फायली
मग तिघांनी मिळून द्या, नावानिशी. एकाला काढणं सोपं असतं. तिघांना एकदम काढलं तर वरून विचारणा होईल. इतर दोघांशी बोललात का?

तिसरी_पाळी
एकीशी. कॅमेरा चालू करायला लावला होता, तिच्याशीच. ती तयार आहे. तिसऱ्याची बढती याच महिन्यात साहेबांच्या टेबलावर आहे.