सहावीचा विद्युत परिपथ : महागडी शाळा आणि सरकारी शाळा, दोन्हीकडे चालेल असा तास?

रेवा (इंदूर)
बायपासजवळच्या मोठ्या शाळेत तयार किट आहे, सगळं फळीवर ठोकलेलं. बाणगंगेकडच्या सरकारी शाळेत 40 मुलं आणि सामान शून्य. पण चित्र काढायला सांगितलं की दोन्हीकडची बहुतेक मुलं सेलपासून बल्बपर्यंत एकच तार काढतात. कमी खर्चात काय करता येईल?

जुना मास्तर
रेवाताई, फळीवरच्या किटमध्ये जोडणी आधीच झालेली असते, मुलांना बटण दाबण्यापलीकडे काम उरत नाही. दोन्ही शाळांत सुटं सामान द्या. चौघांत एक संच : 1.5 व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा 2.5 व्होल्टचा बल्ब, वीतभर तारेचे दोन तुकडे, सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे. पट्टा सेलवर उभा ताणून बसवला की तारेची टोकं घट्ट धरून ठेवतो. बाकी सामान महाराणी रोडवर मिळेल, ट्यूब पंक्चरवाल्याकडे.

सेल साधे जस्त-कार्बनचेच घ्या. मुलं सेलची दोन टोकं नुसत्या तारेने जोडून बघणारच. अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध कमी, त्यामुळे प्रवाह जास्त वाहतो आणि तार चटका बसेल इतकी तापते.

तार लगेच देऊ नका. बल्ब कसा पेटेल ते आधी प्रत्येकाने वहीत काढायचं. मग एक सेल, एक बल्ब, एकच तार. बरीच मुलं तार बल्बच्या बुडालाच लावत राहतील. सांगू नका, थांबा. बूड सेलच्या टोपीवर टेकवून तार सेलच्या तळापासून बल्बच्या पेचाला लावली की पेटतो. बल्बला दोन जागा असतात, हे तिथे हाताला कळतं. एका सेलवर उजेड तांबूस आणि मंद पडतो, म्हणून खिडक्या लावून घ्या.

क्षिप्रा
मोटारीच्या कॉइलची तांब्याची तार वापरलीत तर तिच्यावर लाखेसारखा थर असतो. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, नाहीतर सगळं बरोबर जोडूनही बल्ब पेटत नाही. बल्ब आदल्या दिवशी एकेक तपासून ठेवा.

मिठाच्या पाण्यातून वीज जाते का, हे टॉर्चच्या बल्बने दाखवू नका. त्याला साधारण 300 मिलिअँपियर लागतात, तेवढा प्रवाह येत नाही आणि मुलं ‘जात नाही’ असं लिहून मोकळी होतात. लाल एलईडी, 100 ओहमचा रोध आणि तीन सेल घ्या. एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे.

रेवा
मोठ्या शाळेतली मुलं व्हिडिओ बघून आलेली असतात. ‘माहितीये’ म्हणतात.

जुना मास्तर
त्यांना बल्बच्या आतली वाट काढायला सांगा : बुडाच्या ठिपक्यापासून तंतूतून पेचापर्यंत. तिथे बरीच अडतात.

आणि चाचणी बदला. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमात मुलांना परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती, प्रयोगाचीही परीक्षा असे. व्याख्या विचारली की पोरं व्याख्याच पाठ करतात. जोडणीची चार चित्रं द्या, कुठला बल्ब पेटेल आणि बाकीचे का नाही ते लिहायला सांगा. वही उघडी असली तरी चालेल.