थंडीत पहाटे गाडी धुवून घेणं बंद करावं का?

सिंहगडरोडकर
आज पहाटे सव्वापाचला आईला स्वारगेटला सोडायला खाली उतरलो. मोबाईलवर तापमान ९ अंश. पार्किंगमध्ये आमच्या सोसायटीचे गाडी धुणारे मामा बादलीत फडकं पिळत उभे होते. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, आणि हात कोपरापर्यंत गार पाण्यात. अठरा गाड्या रोज. मी हात बघितले. बोटांच्या पेरांवर भेगा, अंगठ्याजवळच्या भेगेतून रक्त आलेलं. विचारलं तर म्हणाले, "साडेसातला साहेब लोक निघतात ना, त्याआधी व्हायला पाहिजे."

हा माणूस सहा वर्षं माझी गाडी धुतोय आणि मी त्याचे हात आज पहिल्यांदा बघितले. दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

माझं म्हणणं असं: डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोजची धुलाई बंद करावी. आठवड्यातून दोनदा, तीही सकाळी नऊनंतर, ऊन आल्यावर. महिन्याचे पैसे मात्र पूर्ण द्यावेत, एक रुपया कमी नाही. थंडीत गाडी दोन दिवस मळकी राहिली तर काहीही बिघडत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय मांडणार आहे, त्याआधी इथे मतं हवीत.

खराडी_अप_डाऊन
भावना पोचली, पण "काहीही बिघडत नाही" हे मान्य नाही. मी कोथरूडहून खराडीला जातो, म्हणजे तोंड पूर्वेला. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या पुढे उगवतो. साडेसातला तो बरोबर डोळ्यांसमोर, अगदी खाली असतो. काचेवर रात्रीचं दव आणि त्यात शेजारच्या बांधकामाची धूळ. त्यावर वायपर फिरवला की चिखलाचा पातळ लेप पसरतो आणि उन्हात समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. मागच्या हिवाळ्यात असंच एका दुचाकीला धडकता धडकता वाचलो. बाई आणि मागे शाळेचं दप्तर घेतलेलं पोरगं. माझ्यासाठी सकाळी साफ काच ही हौस नाही.

सिंहगडरोडकर
मग काच स्वतः पुसा की. दोन मिनिटांचं काम आहे. त्यासाठी माणसाने पाच वाजता अख्खी गाडी का धुवायची?

लातूरची लेक
मी बोलू का, कारण माझे वडील हेच काम अकरा वर्षं करत होते. पुण्यातच, दोन सोसायट्या मिळून चोवीस गाड्या.

दादा, तुम्ही मनापासून लिहिलंय हे कळतं. पण "नऊनंतर" हे तुम्ही कोणाला विचारून ठरवलंत? आमचे वडील साडेआठला एका कार्यालयात शिपाई म्हणून हजर व्हायचे. गाड्यांचं काम पहाटेचं होतं म्हणूनच ते जमायचं. गाड्यांचे पैसे वेगळे पडायचे, त्यातून माझी डी.एड.ची फी गेली. नऊची वेळ केली असती तर ते काम त्यांच्या हातून गेलं असतं आणि तुम्हाला वाटलं असतं आपण उपकार केले.

हातांचं म्हणाल तर खरं आहे. आई रात्री कोकमाचं तेल वितळवून भेगांत भरायची. ते गरम थेंब पडताना वडील तोंड फिरवून बसायचे. पण भेगा नुसत्या थंडीने पडत नव्हत्या. लोक त्यांना कपडे धुण्याची पावडर द्यायचे. ती पावडर हातावरचं तेलच काढून टाकते. गार पाणी आणि वर पावडर, मग कातडी राहील कशी? गाडीचा शांपू आणा म्हटलं की, "कशाला एवढं, फडकं तर मारायचंय."

रंगवाला२२
बावीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतोय. ताई पावडरीबद्दल शंभर टक्के बरोबर बोलल्या. ती पावडर हाताचं तेल काढते तसंच गाडीवरचं वॅक्सही काढते.

आणि धागा काढणारे साहेबही बरोबर आहेत, पण त्यांना वाटतं त्यापेक्षा वेगळ्या कारणाने. रोज गाडी पुसणं हेच गाडीचं नुकसान आहे. रंगाच्या वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस त्याहून जाड. पुण्याच्या धुळीत बांधकामाची वाळू मिसळलेली असते, आणि ती वाळू या थराला सहज ओरबाडते. थंडीत आणखी वाईट, कारण रात्री निरभ्र आकाशाखाली गाडीचं छत आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं, त्यावर दव पडतं आणि धूळ चिकटून बसते. पहाटे एका बादलीत फडकं बुडवून, दहाव्या गाडीपर्यंत गढूळ झालेल्या त्याच पाण्याने ती धूळ घासली जाते. मग उन्हात बोनेट बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतील. लोक माझ्याकडे रबिंग-पॉलिशला येतात आणि म्हणतात, "गाडी तर रोज धुतो." अहो म्हणूनच!

रोज फक्त काचा, आरसे आणि दिवे. आठवड्यातून एकदा नीट धुलाई: आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहवून टाकायची, मग दोन बादल्या, एक शांपूची, एक फडकं खळबळून घ्यायची. वरून खाली यायचं, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं.

टोरांटो_वास्तव्य
इथे आज उणे १२ आहे, तरी माझं मत "थंडीत धुवू नका" असं नाही. इथे हिवाळ्यातच गाडी धुवावी लागते. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. फार थंडीत साधं मीठ कामाला येत नाही, तेव्हा कॅल्शियम क्लोराईड वापरतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पत्र्याच्या सांध्यांत ओलंच राहतं. न धुता गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवली तर गंज उलट जोरात चढतो. म्हणून पारा शून्याच्या वर जाईल तो दिवस हेरायचा, गाडी खालून धुवायची, दारांची रबरं कोरडी पुसायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी दार चिकटून बसतं.

पण ती गाडी मी धुतो. आत लोकरीचे हातमोजे, वर कोपरापर्यंतचे रबरी, बादलीत कोमट पाणी. गार पाण्यात पाच मिनिटं हात घालून बघा म्हणजे कळेल. हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने पाणी अंगातली उष्णता ओढून घेतं. मामांना मोजे घेऊन द्या, प्रश्न मिटला.

लातूरची लेक
मिटत नाही हो. वडिलांना एका काकूंनी मोजे दिले होते. फडकं पिळताना वरच्या तोंडातून पाणी आत जायचं आणि मग हात तासभर गार पाण्याच्या पिशवीत. आठ दिवसांत काढून ठेवले. लांब बाह्यांचे आणि आत घालायला दोन जोड असतील, ओला झाला की बदलता येईल, तर चालेल. पण कोमट पाण्याचं तुम्ही बरोबर बोललात. ते मात्र आजवर कोणी दिलेलं पाहिलं नाही.

खराडी_अप_डाऊन
कोमट पाण्यासाठी काही खर्चसुद्धा नाही. आमच्याकडे बोअर आहे. जमिनीखालचं पाणी बाराही महिने जवळजवळ सारख्या तापमानाला असतं, म्हणून पहाटे ताजं उपसलेलं पाणी हाताला उबदार लागतं. गच्चीवरच्या टाकीतलं रात्रभर गारठतं आणि आपण नेमकी पार्किंगच्या नळाला तीच टाकी जोडतो. प्यायचं पाणी गाड्यांवर ओतणंही थांबेल. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर पाच हजारांचा दंड लावला होता. खडकवासल्याच्या भरवशावर आपण किती दिवस राहणार?

रंगवाला२२
बोअरचं चालेल, पण त्यात क्षार असतात. गाडी उन्हात आपोआप वाळू दिली की पांढरे डाग बसतात आणि काचेवरचे तर निघता निघत नाहीत. लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. पहाटे ऊन नसतं, त्यामुळे टिपायला वेळ मिळतो. एवढ्यापुरती पहाटच बरी.

सिंहगडरोडकर
लातूरची लेक, तुमचं वाचून काल संध्याकाळी मामांकडे गेलो. वेळेबद्दल विचारलं. नऊनंतर त्यांना जमत नाही. साडेआठला ते एका शाळेच्या बसवर मदतनीस म्हणून जातात. सहा वर्षांत हेही मला माहीत नव्हतं. तेव्हा वेळेचा मुद्दा मी मागे घेतो, चूक माझी.

ते म्हणाले, "सायेब, काच रोज करतो, गाडी आठवड्यातनं दोनदा. अठराच्या जागी रोज पाच-सहा धुतल्या की सहाला सुरू केलं तरी होतंय." पहाटेचा तो एक तास त्यांनाच हवा आहे. पैशांचं मी विचारलं तेव्हा गप्प बसले. धुलाई कमी झाली की लोक पैसे कापतील ही त्यांना भीती आहे, आणि ती खरी आहे. मीटिंगचा व्हॉट्सअॅप ग्रुप आजच उघडून बघितला. एकाने लिहिलंय, "काम निम्मं तर पगार निम्मा."

खराडी_अप_डाऊन
त्या एकाला रंगवाल्यांचं उत्तर पाठवा. पैसे गाडी नीट राहावी म्हणून देतो आपण, फडकं किती वेळा फिरलं ते मोजायला नाही. रोज काच साफ मिळणार असेल तर माझं मत तुमच्या बाजूने, पूर्ण पैशांसकट.

आठवड्यातून दोनदा मात्र हवंच. रंगवाले एकदा म्हणतात, पण माझी गाडी वडाखाली लागते. पक्ष्यांची घाण दोन दिवस राहिली तर रंगावर डाग उठतो.

रंगवाला२२
ती घाण ज्याची त्याने दिसली की काढावी. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवा, भिजली की उचलून घ्या, घासू नका. मामांची वाट बघू नका.

लातूरची लेक
मीटिंग कधी आहे? शांपूचा डबा, मोज्यांचे दोन जोड आणि बोअरच्या पाण्याचा नळ हे सोसायटीच्या खर्चात लिहून घ्या, मामांच्या पगारातून नाही. आणि त्या मीटिंगला मामांना बोलवा. वडिलांना अकरा वर्षांत एकदाही बोलावलं नव्हतं.

सिंहगडरोडकर
रविवारी सकाळी अकराला. मामांना आत्ताच फोन केला, येतो म्हणाले. बसची सुट्टी असते.