कॅरोलाइन नॉर्टन यांना स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या म्हणावे का?

मृणालिनी :
इंग्रज लेखिका कॅरोलाइन नॉर्टन (१८०८–१८७७) यांची गणना स्त्रीहक्कांच्या आद्य पुरस्कर्त्यांमध्ये केली जाते, ती मला अवाजवी वाटते. स्त्री-पुरुष समतेचा आपण कधीच पुरस्कार केला नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पतीने १८३६ मध्ये थेट पंतप्रधान मेलबर्न यांच्यावर व्यभिचाराचा दावा लावला, ज्यूरीने तो फेटाळला, तरी तिन्ही मुलगे बापाच्याच ताब्यात राहिले. तेव्हा कुठे बाईंची लेखणी कायद्याकडे वळली. हे स्वतःचे गाऱ्हाणे झाले, चळवळ नव्हे.

सदानंद :
गाऱ्हाणे स्वतःचे होते, हे मान्य. पण फळ कोणाच्या पदरात पडले, तेही पाहावे. त्यांच्या पत्रकांमुळे आणि खासदार टॅलफर्ड यांच्या पाठपुराव्यामुळे १८३९ चा कायदा झाला आणि सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आईला चॅन्सरी न्यायालयात (इंग्लंडमधील एक वरिष्ठ न्यायालय) अर्ज करण्याची मुभा मिळाली. गंमत म्हणजे (गंमत कसली, क्रूर थट्टाच) पती जॉर्ज नॉर्टनने मुले स्कॉटलंडमध्ये ठेवली होती आणि हा कायदा तिथे लागूच नव्हता.

मृणालिनी :
चॅन्सरीचा खर्च किती बायकांना झेपणार होता? शिवाय जिच्यावर व्यभिचार सिद्ध झाला, तिला हे दार बंदच होते. याउलट स्त्रीहक्कांच्या कार्यकर्त्या बार्बरा ली स्मिथ यांनी १८५६ मध्ये संसदेपुढे नेलेला अर्ज सरसकट सर्व विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसाठी होता.

वासंती :
मृणालिनीताई, समतेबद्दलची त्यांची वाक्ये मलाही खटकतात. मात्र १८५३ चा खटला आपण वगळलात. कॅरोलाइन यांच्या घोडागाडीच्या दुरुस्तीचे बिल थकले म्हणून कारागीर पतीविरुद्ध कोर्टात गेला. पत्नीला भत्ता देण्याचा लेखी करार पतीने आधीच मोडला होता, आणि पत्नीशी केलेला करार कायद्याने बंधनकारकच नसल्याने त्याला त्याची फिकीर नव्हती. उलट तिच्या पुस्तकांची कमाई किती, हे उघड व्हावे म्हणून त्याने तिच्या बँकेच्या वह्या कोर्टात मागवल्या. त्यानंतर १८५५ मध्ये राणी व्हिक्टोरियाला लिहिलेल्या जाहीर पत्रात त्यांनी, इंग्रज पत्नीला कायद्याच्या लेखी अस्तित्वच नाही, हे एकेक कलम घेऊन दाखवले. पतीने टाकलेल्या स्त्रीची कमाई तिचीच राहील, ही तरतूद १८५७ च्या घटस्फोटाच्या कायद्यात आली. त्या कलमाचा आधार घेणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईला, ते लिहवून घेणारीचे समतेविषयीचे मत काय होते, याच्याशी काय देणेघेणे?

मृणालिनी :
शिवणकाम करणाऱ्या बाईला नसेल. इतिहास लिहिणाऱ्याला असायलाच हवे. कायदा सुधारणाऱ्या लेखिका म्हणा, माझी हरकत नाही.