आईला घेऊन लिस्बनच्या हॉस्टेलमध्ये राहावं का? मदत हवी आहे
मे मध्ये आईला घेऊन लिस्बनला जातेय, बजेट टाईट आहे आणि हॉटेलचे रेट बघून गरगरायला झालं, म्हणून रोसिओ स्टेशनच्याच बिल्डिंगमधलं लिस्बन डेस्टिनेशन हॉस्टेल बघतेय. १९ व्या शतकातली इमारत, घोड्याच्या नालेसारखी दारं, आत काचेच्या छपराखाली झाडं लावलेला हॉल, फोटो बघूनच जीव जडलाय! लिस्बनजवळच्या सिंत्रा गावाची ट्रेनपण तिथूनच सुटते, आईच्या गुडघ्यांना तेवढंच बरं. पण तिला डॉर्म झेपेल की प्रायव्हेट रूमच घेऊ? रात्री आवाज किती असतो, कॉमन बाथरूमला सकाळी रांग लागते का? आणि माणशी रात्रीला ४ युरो सिटी टॅक्स आहे तो बुकिंगमध्येच धरतात की तिथे गेल्यावर द्यायचा? कोणी राहिलं असेल तर प्लीज सांगा, याच आठवड्यात बुक करायचंय.