हेब्रिडीज बेटांवरील गेलिक लोकसंगीत महोत्सवात नेमके काय ऐकावे?

सुरंगी, पेडणे

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण ग्लासगोला असते. तिच्याकडे जाणे होईल तेव्हा स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांपैकी लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावी भरणाऱ्या हेब्रिडियन केल्टिक महोत्सवाला आम्ही दोघींनी जावे, असा तिचा आग्रह आहे. 1996 मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवाच्या ज्या चित्रफिती तिने पाठवल्या, त्यांत भला मोठा तंबू, ड्रम, इलेक्ट्रिक गिटार आणि नाचणारी तरुण मंडळी दिसतात. गाणी कानाला गोड लागतात, परंतु त्यांत परंपरेचे किती आणि आजच्या बँडचे किती, हे मला उमगत नाही. मी थोडेफार शास्त्रीय गायन शिकले आहे. तिथल्या गेलिक भाषेचा मात्र एक शब्दही कळत नाही. अशा श्रोत्याने काय धरून ऐकावे?

विचारण्यामागे दुसरेही एक कारण आहे. आमच्या वाड्यावरचे धालो (गोव्यातल्या बायकांची गाणी-नाच) येत्या पौषात मांडाऐवजी, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या अंगणाऐवजी, व्यासपीठावर करावेत, परीक्षक बोलवावेत आणि चषक ठेवावा, असे मंडळात घाटत आहे. ज्या बेटांनी आपली गाणी व्यासपीठावर नेली, त्यांचा अनुभव काय आहे, हे कोणी सांगू शकेल का?

मांडवीकाठ, पणजी

सुरंगीताई, तंबूतल्या बँडना कमी लेखू नका. त्या ड्रमच्या खाली पुष्कळदा दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे गाणे असते. कॅपरकेली या गटाने गायलेले एक पारंपरिक गेलिक गीत 1992 मध्ये ब्रिटनच्या पहिल्या चाळीस गाण्यांच्या यादीत पोहोचले होते, आणि ते मुळात बायकांनी कापड बडवताना म्हणायचे श्रमगीत होते.

हा प्रकार आपण आधी समजून घ्यावा, कारण हेब्रिडीजच्या गायनाचा तो कणा आहे. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ आणि तेलकट असते. ते घट्ट व्हावे म्हणून शिळ्या मूत्रात भिजवून (त्यातल्या अमोनियाने तेल सुटते व रंग पक्का होतो) बायका लांब फळीभोवती बसत आणि ते फळीवर आपटत, चोळत, सूर्याच्या फेऱ्याच्या दिशेने एकीकडून दुसरीकडे सरकवत जात. एक बाई ओळ म्हणे आणि बाकीच्या ध्रुवपद उचलत. हे ध्रुवपद बहुधा निरर्थक अक्षरांचे असते आणि चाल त्याच्यावरच उभी असते, त्यामुळे भाषा न कळणाऱ्यालाही दुसऱ्या फेरीपासून त्यात आवाज मिसळता येतो. आपल्यासाठी कानाची पहिली खूण हीच. ओळ सांगणारी बाई पदरचे काही घालते का, आपटण्याचा ठोका कोठे पडतो आणि लय हळूहळू कशी चढते, एवढे पाहिले तरी पुष्कळ हाती लागेल. विरह, बुडालेल्या होड्या, कुळांची भांडणे असे विषय असतात, आणि काम संपत आल्यावर एखाद्या मुलीचे नाव कोणा तरुणाशी जोडून चेष्टा करणारी हलकी गाणी येतात. पुरुषांना तेथे सहसा जागा नसे. धालोच्या मांडावर वाढलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

आता हे काम गिरण्यांत होते. हॅरिस ट्वीड हे तिथले लोकरीचे कापड आजही बेटांवरच्या घरांतल्या मागांवर विणले जाते आणि 1993 च्या कायद्याने तसे बंधनच आहे, परंतु विणून झालेल्या कापडावरची पुढची प्रक्रिया यंत्रांवर होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाताने कापड बडवणे जवळजवळ थांबले. आज जे दिसते ते मुख्यतः प्रात्यक्षिक असते. काम गेले, गाणे राहिले. ते कसे राहिले, यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, परंतु तो विषय डिचोलीकरांचा, ते लिहितीलच.

दुसरी खूण म्हणजे वाद्याविना, केवळ तोंडाने म्हटलेले नाचाचे गाणे. शब्द खुळ्यासारखे आणि जिभेची परीक्षा पाहणारे असतात, कारण त्यांचे काम अर्थ सांगण्याचे नसून पाय हलवण्याचे असते. तिसरी खूण महोत्सवात क्वचितच भेटेल, तरीही शास्त्रीय शिकलेल्या माणसाने ती चुकवू नये. ती म्हणजे पिब्रोक, बॅगपाइपचे मोठे, संथ संगीत. आधी मूळ चाल येते, मग तिच्यावर एकाहून एक गुंतागुंतीच्या फेऱ्या होतात आणि शेवटी वादक पुन्हा मूळ चालीवर येतो. हे सारे शिष्याला शिकवण्यासाठी गाऊन दाखवायच्या अक्षरांची स्वतंत्र पद्धत होती, तबल्याच्या बोलांसारखी. स्काय बेटावरील मॅकक्रिमन घराण्याकडे मॅकलाउड सरदारांच्या पदरी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालली.

कुळागर, काणकोण

एक पुरवणी. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड आणि ऑर्कनी बेटांवरही लोकसंगीताचे महोत्सव होतात (शेटलंडचा 1981 पासून, ऑर्कनीचा 1983 पासून), परंतु ती गेलिक बेटे नव्हेत. तेथे नॉर्वेकडून आलेला वारसा आहे आणि मान फिडलचा, म्हणजे व्हायोलिनचा, आहे. गेलिक गायन ऐकायचे असेल तर पश्चिमेकडची बेटेच गाठावीत.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. तिकिटे काढण्यापूर्वी त्या वर्षीच्या तारखांची खात्री करून घ्यावी. मुख्य भूमीवरील अलापूलहून फेरीबोट अडीच-पावणेतीन तास घेते. लुईसवर रविवार कडकडीत पाळला जातो. स्टॉर्नोवेहून रविवारची फेरी 2009 मध्ये सुरू झाली, तीही विरोध सोसून. मात्र रविवारी तेथे थांबलात तर गेलिक प्रार्थना अवश्य ऐका. एक जण स्तोत्राची ओळ देतो आणि सारी सभा, वाद्याविना, आपापल्या गतीने व आपापल्या हरकती घेत ती उचलते. तंबूतल्या चारही दिवसांपेक्षा मला हा प्रकार मोठा वाटतो. येथे मतभेद होतील, होऊ देत.

डिचोलीकर

चषकाविषयी लिहितो. गेलिक समाजाने हा प्रयोग फार पूर्वी केला. 1891 मध्ये ओबन येथे एक संस्था स्थापन झाली आणि 1892 पासून तिने ‘मॉड’ नावाच्या गायन-वाचनाच्या स्पर्धा घेण्यास आरंभ केला. त्या आजही दरवर्षी होतात. त्यांनी गेलिक भाषेला प्रतिष्ठा दिली, हे मान्य करावेच लागेल. परंतु परीक्षकासमोर उभे राहायचे म्हटले की आवाज घासूनपुसून घ्यावा लागतो, चाल स्वरलिपीप्रमाणे एकच होते आणि घरी चुलीपाशी गाणाऱ्या म्हातारीची वळणे चूक ठरतात, ही टीकाही जुनीच आहे. ज्यांना ती वळणे हवी होती, ते संग्राहक घरोघरी गेले. अमेरिकेतून आलेल्या मार्गारेट फे शॉ 1929 पासून सहा वर्षे साउथ युइस्ट बेटावर दोघी बहिणींच्या घरी राहिल्या आणि तेथली गाणी त्यांनी टिपून घेतली. 1951 मध्ये एडिंबरा विद्यापीठात स्कॉटिश अध्ययनाची शाळा निघाली आणि तिच्या माणसांनी ध्वनिमुद्रणे केली. त्यांतली हजारो आज ‘तोबर अन डुअल्खश’ या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकता येतात. सुरंगीताईंनी जाण्यापूर्वी तेथे काही रात्री घालवाव्यात.

तरीही केवळ ध्वनिमुद्रणाने गाणे जगत नाही. 1981 मध्ये बॅरा या लहानशा बेटावरील लोकांना वाटले की मुलांना शाळेत आपले संगीत मिळत नाही, म्हणून त्यांनी उन्हाळ्यात ‘फेश’ नावाचे शिबिर भरवले. मुले गाणे, फिडल, पाइप शिकतात आणि तेही गेलिक वातावरणात. आज स्कॉटलंडभर असे चाळिसांहून अधिक उपक्रम आहेत आणि तंबूत गिटार घेऊन उभी असलेली कित्येक मुले त्यांतूनच आलेली आहेत. 2011 च्या जनगणनेत गेलिक बोलणारे सुमारे 57 हजार उरले होते. एवढ्याशा समाजातून इतके गाणारे निघतात, याचे श्रेय मी तंबूला न देता शिबिराला देतो.

सुरंगी, पेडणे

सर्वांचे आभार. मग मंडळात काय सांगावे? चषक नकोच म्हटले तर तरुण मुली येणार नाहीत, असे अध्यक्षांचे म्हणणे आहे.

डिचोलीकर

चषकाचे पैसे वळवता येतात का, ते आधी विचारा. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर वाड्यातल्या जुन्या गायिकांना मानधन देऊन मुलींना शिकवायला बसवावे, पौषात धालो मांडावरच करावेत, आणि व्यासपीठ हवेच असेल तर ते शिगम्याच्या सुमारास, परीक्षकांविना ठेवावे. मुली येतील की नाही, हे अध्यक्षांऐवजी मुलींनाच विचारलेले बरे.