प्रतिसाद: सोनापूर आणि फाशीचा वड

गुवाहाटीचा फॅन्सी बाजार मुळात 'फाशी बाजार', म्हणजे फाशी देण्याची जागा, हे वरच्या लेखात वाचलं आणि आमचं सोनापूर आठवलं. मुंबईत मरीन लाइन्स स्टेशनाच्या पूर्वेला, कबरस्तान आणि चंदनवाडी स्मशानाचा तो पट्टा. फलाटावरून भिंतीपलीकडची झाडं दिसतात. आमच्या आजीच्या तोंडी 'तो सोनापूरला गेला' म्हणजे माणूस वारला, एवढाच अर्थ. देहाचं सोनं झालं म्हणून सोनापूर, असं ती सांगायची. मसणवटा म्हणायला जीभ धजत नाही, तिथे भाषा असा हळुवार शब्द शोधते. हे स्मशान हलवायचा सरकारचा बेत होता, तेव्हा नाना शंकरशेट त्याविरुद्ध उभे राहिले, हेही विसरू नये.

साताऱ्यात मात्र नाव थेटच: गेंडामाळावरचा 'फाशीचा वड'. 8 सप्टेंबर 1857 ला इंग्रजांनी तिथे उठावाच्या कटातल्या 17 जणांना मारलं. 5 फासावर, 6 तोफेच्या तोंडी, 6 गोळ्या घालून. फासावर गेलेल्यांत, साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू लंडनला जाऊन मांडणाऱ्या रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. साताऱ्याला कास-ठोसेघरसाठी जाता ना? गेंडामाळावरही जाऊन या.