मदत हवी आहे: दहावी, मराठी माध्यम, इंग्रजीच्या न पाहिलेल्या उताऱ्यात गुण जातायत

रानजाई

नमस्कार. मुलगी दहावीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम (सेमी नाही), इंग्रजी तृतीय भाषा. धड्यांवरचे उतारे जमतात, कारण धडे पाठ झालेत. गाडी अडते ती प्रश्न ४ मध्ये, म्हणजे न पाहिलेला उतारा आणि त्याचा सारांश. सराव परीक्षेत त्या १५ गुणांपैकी ६ मिळाले. उताऱ्याला १० पैकी ५, सारांशाला ५ पैकी १.

उत्तरपत्रिका नीट पाहिली. उताऱ्यावर ए-१ ते ए-५ असे पाच प्रश्न (कृती) असतात. ए-१ मधलं चूक-की-बरोबरचं एक विधान चुकलंय. ए-२ ची वेब (मधल्या चौकटीभोवती मुद्दे भरायची आकृती) अर्धी रिकामी. ए-३ मध्ये एक शब्द चुकीचा. ए-४ (व्याकरण) पूर्ण कोरं. ए-५ मध्ये उताऱ्यातलीच दोन वाक्यं उतरवलीत. सारांश म्हणजे उताऱ्याचा पहिला परिच्छेद जसाच्या तसा.

बोर्डाला दीड महिना आहे, रोज पाऊण तास इंग्रजीला देता येईल. क्लास लावायचा नाही. विचारायचं ते असं: सरावाला उतारे कुठून घ्यायचे? आधी उतारा वाचायचा की आधी कृती? आणि सारांश शिकवायचा कसा? घरात इंग्रजी कुणाचंच फार चांगलं नाही, हे लक्षात घेऊन सांगा.

फळाखडू

रानजाई, तुम्ही उत्तरपत्रिका कृतीनुसार पाहिलीत हे फार बरं केलंत. ‘इंग्रजी कच्चं आहे’ एवढ्यावर पालक थांबतात आणि मग मुलांच्या हातात शब्दकोश देतात. इथे गेलेल्या ९ गुणांपैकी ४ सारांशाचे आणि २ ए-४ चे. ए-४ ला तर उतारा समजण्याचीही गरज नसते. शब्दसंग्रहामुळे थेट गेलेला गुण जेमतेम एक.

कृतीनिहाय सांगतो. प्रत्येकीला २ गुण असले तरी प्रत्येकीत वेगळं काम असतं.

ए-१ मध्ये चूक-बरोबर, योग्य पर्याय, वाक्य पूर्ण करा, जोड्या, घटनाक्रम यांतलं काहीतरी येतं. बहुतेक विधानं उताऱ्यातल्याच शब्दांत लिहिलेली असतात आणि एखादाच शब्द फिरवलेला असतो. समजा उतारा लोणार सरोवरावर आहे. त्यात म्हटलंय की २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, लोकांना सुरुवातीला शेवाळाचा संशय आला, पण तपासणीत मिठात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. विधान येईल: ‘द वॉटर टर्न्ड पिंक बिकॉज ऑफ ॲल्गी.’ मुलांना ‘पिंक’ आणि ‘ॲल्गी’ हे दोन्ही शब्द उताऱ्यात दिसतात आणि ती ‘ट्रू’ लिहून मोकळी होतात. दोन वाक्यांमधल्या ‘बट’ने अर्थ उलटवलाय, हे निसटतं. म्हणून सरावात बट, हाउएव्हर, ऑलदो, अनलेस, इन्स्टेड ऑफ, ॲट फर्स्ट, ओन्ली, ऑल, नेव्हर हे शब्द दिसले की त्यांना गोल करायला लावा. फिरवाफिरवी बहुतेक वेळा याच शब्दांभोवती असते.

ए-२ म्हणजे वेब, तक्ता किंवा ओघतक्ता. इथे पूर्ण वाक्यं नकोत, मोजके शब्द पुरतात. वेबच्या मधल्या चौकटीत काय लिहिलंय ते दोनदा वाचायचं. ‘फीचर्स ऑफ द लेक’ विचारलं असेल तर ‘१८२३ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंद केली’ हे वैशिष्ट्य होत नाही, ती घटना झाली. आकृती उत्तरपत्रिकेत पूर्ण काढायची आणि पेनानेच काढायची. चार मुद्दे एकाच परिच्छेदात सापडतील असं धरून बसू नका. दोन पहिल्यात आणि दोन शेवटच्यात असू शकतात. तिची वेब अर्धी राहिली त्याचं कारण बहुधा हेच असावं.

ए-३ मध्ये दिलेल्या अर्थाचा शब्द उताऱ्यातून शोधायचा असतो, आणि त्याचं रूप जुळलं पाहिजे. ‘थॉट टु बी द कॉज’ या अर्थाचा शब्द विचारला आणि उताऱ्यात ‘सस्पेक्टेड’ असेल, तर ‘सस्पेक्टेड’च लिहायचा, ‘सस्पेक्ट’ नाही. अर्थ भूतकाळात दिलाय तर शब्द भूतकाळातला, अनेकवचनात दिलाय तर अनेकवचनी. शब्द शोधून झाला की तो उताऱ्यातून काढून तिथे दिलेला अर्थ बसवून पाहायचा. वाक्य लंगडलं तर शब्द चुकला.

ए-५ चे २ गुण मला सगळ्यात सोपे वाटतात आणि मुलं ते फुकट घालवतात. तिथे तिचं स्वतःचं मत हवं असतं. तीन-चार लहान वाक्यं लिहायची: पहिल्यात मत, पुढच्या दोनांत दोन कारणं, शेवटच्यात एक सूचना. ‘आय थिंक वुई शुड…’, ‘फर्स्टली…’, ‘सेकंडली…’, ‘सो वुई कॅन…’ ही सुरुवात पाठ असली तरी हरकत नाही. साधं पण शुद्ध वाक्य चालतं. उताऱ्यातलं वाक्य उतरवलं तर गुण जाणार.

काठावरचा

फळाखडू सरांशी सहमत. उताऱ्यांचा स्रोत सांगतो, फुकट आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या माध्यमांची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. इंग्रजी माध्यमाचं आठवी-नववीचं भूगोल आणि विज्ञान उतरवून घ्या. मजकूर तोच, जो ती मराठीत शिकून आली आहे. अर्थ आधीच माहीत असल्याने शब्दकोश न उघडता शब्द समजतात. ‘बाष्पीभवन’ तिला ठाऊक आहे, तिथे ‘इव्हॅपोरेशन’ दिसेल. न पाहिलेले उतारे पुष्कळदा पर्यावरण, आरोग्य, विज्ञान किंवा एखाद्या व्यक्तीच्या कार्यावर असतात, त्यामुळे हे शब्द उपयोगी पडतात.

पण हे पहिले दोन आठवडेच करा. माहीत असलेल्या मजकुरावर आकलनाची परीक्षा होत नाही, मुलं आठवणीतून उत्तरं देतात. त्यानंतर आधीच्या वर्षांच्या बोर्डाच्या कृतिपत्रिकांतले (प्रश्नपत्रिकांतले) प्रश्न ४ घ्यायचे, घड्याळ लावून.

आधी काय वाचायचं? आधी कृती. ए-१, ए-२ आणि ए-३ वरून नजर फिरवायची, मग उतारा. काय शोधायचंय ते माहीत असलं की वाचन जलद होतं.

दुसरीबाजू

कृती आधी वाचायचा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. ज्या मुलांचं वाचन कच्चं असतं ती कृती आधी वाचतात आणि मग उताऱ्यात फक्त त्या शब्दांची शिकार करत सुटतात. वरच्या लोणारच्या उदाहरणात नेमकं तेच होतं: ‘ॲल्गी’ दिसलं की शोध थांबला. शिवाय याच उताऱ्याचा सारांश लिहायचाय. तुकड्या-तुकड्यांत वाचलेल्या उताऱ्याचा सारांश कसा होणार?

या मुलीसाठी मी क्रम असा ठेवीन. आधी उतारा सलग, न थांबता, एकदा, अडलेला शब्द सोडून देत. मग कृती. मग उतारा परिच्छेदा-परिच्छेदाने. ज्यांचं वाचन पक्कं आहे अशा मुलांना हवं तर कृती आधी वाचू द्या.

आणखी एक. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपली मुलं इंग्रजी वाक्यही शेवटापर्यंत ताटकळत वाचतात आणि लांब वाक्यात हरवतात. ‘द लेक, विच लाइज इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट, वॉज फॉर्म्ड व्हेन अ मीटिओराइट स्ट्रक द बेसॉल्ट.’ इथे आधी दोन स्वल्पविरामांमधला तुकडा बोटाने झाकायला सांगा. उरलं ‘द लेक वॉज फॉर्म्ड’. कोण आणि काय झालं, एवढं हातात आलं की ‘व्हेन’पुढचं कारण वाचायचं, मग बोट काढायचं. रोज पाच लांब वाक्यं अशी फोडली तरी पुरे. इट, दे, धिस, दीज हे शब्द आले की ते कुणाबद्दल आहेत ते तोंडी विचारा. घरी इंग्रजी येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो. उत्तर तिनेच शोधायचंय.

काठावरचा

@दुसरीबाजू, सारांशाचा मुद्दा मान्य. सलग वाचन आधी. पण वेळेचं भान ठेवा: कृतिपत्रिका ८० गुणांची, तीन तासांची. म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं, प्रश्न ४ ला साधारण ३४. त्यातली २० मिनिटं कृतींना आणि १३-१४ सारांशाला. पहिलं सलग वाचन तीन मिनिटांच्या वर जाता कामा नये. अलीकडे शेवटी मिळणारी वाढीव १० मिनिटं या हिशेबात धरू नका, ती तपासायला ठेवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. खुणा करायच्या, गोल करायचे म्हणताय, ते परीक्षेत प्रश्नपत्रिकेवर चालतं का? आणि ए-४ कोरंच राहतंय त्याचं काय करू? तिला सगळं व्याकरण येत नाही. सारांशाचंही कुणी सांगा ना.

फळाखडू

खुणा फक्त घरी. परीक्षेत प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाशिवाय काहीही लिहायचं नाही, पेन्सिलची रेघसुद्धा नाही. उगाच पर्यवेक्षकाशी वाद नको. कच्चं काम उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, वर ‘रफ वर्क’ लिहून, आणि शेवटी त्यावर आडवी रेघ. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत घरीही खुणा न करता, बोट ठेवून वाचायची सवय लावा.

ए-४ ला सगळं व्याकरण लागत नाही. त्याच त्या प्रकारांची वाक्यं फिरून येतात. मी सहा निवडीन: प्रयोग बदला, नॉट ओन्ली–बट ऑल्सो, नो सूनर–दॅन, अनलेस, तुलनेची रूपं, प्रश्नपुच्छ (क्वेश्चन टॅग). रोज एक प्रकार, दहा वाक्यं. चुका कुठे होतात ते सांगतो. ‘नो सूनर’नंतर ‘डिड’ येतं आणि क्रियापद मूळ रूपात जातं, पुढे ‘दॅन’ येतं. मुलं ‘व्हेन’ लिहितात. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे, पुन्हा ‘नॉट’ लावायचं नाही. ‘इट टर्न्ड पिंक’चं पुच्छ ‘डिडन्ट इट?’, पण सरसकट ‘इझन्ट इट?’ लिहिलं जातं. तुलनेत ‘व्हेरी फ्यू लेक्स इन इंडिया आर ॲज अनयूज्वल ॲज लोणार’चं ‘लोणार इज मोअर अनयूज्वल दॅन मोस्ट अदर लेक्स इन इंडिया’ होतं. ‘मोस्ट अदर’ विसरून ‘ऑल अदर’ लिहिलं की अर्थच बदलतो. प्रश्न १ मध्ये आणि धड्यांच्या उताऱ्यांतही हेच प्रकार येतात, त्यामुळे ही मेहनत तीन ठिकाणी वसूल होते.

दुसरीबाजू

सारांशाचं मी घेतो. लोणारचाच उतारा धरू. समजा तीन परिच्छेद, सुमारे १६० शब्द. सारांश त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे पन्नास-पंचावन्न शब्द.

कृती करून झाल्यावर उतारा झाकायचा. उघडा असला की हात आपोआप उतरवायला लागतो. मग प्रत्येक परिच्छेदात काय होतं ते तिने मराठीत एकेका वाक्यात सांगायचं. पहिला: उल्का पडून बेसॉल्टमध्ये विवर झालं, त्यात सरोवर आहे. दुसरा: पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, २०२० मध्ये ते सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं. तिसरा: त्याच वर्षी ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. हे सांगता आलं नाही तर इंग्रजीकडे वळूच नका, परिच्छेद पुन्हा वाचायला लावा. सांगता आलं की उतारा उघडून शब्द आणि स्पेलिंग घ्यायची:

‘लोणार लेक इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट लाइज इन अ क्रेटर फॉर्म्ड बाय अ मीटिओराइट इन बेसॉल्ट रॉक. इट्स वॉटर इज बोथ सलाइन अँड अल्कलाइन. इन २०२०, इट टर्न्ड पिंक बिकॉज ऑफ सॉल्ट-लव्हिंग मायक्रोब्ज अँड नॉट ॲल्गी. इन द सेम इयर, इट वॉज डिक्लेअर्ड अ रामसर साइट, अ वेटलँड ऑफ इंटरनॅशनल इम्पॉर्टन्स.’

१८२३ ची नोंद, लोकांची गर्दी, फोटो हे सगळं गळालं, कारण ते काढूनही बात पूर्ण राहते. उदाहरणं, आकडे, कुणाचं बोलणं, विशेषणांची रांग ही आधी काढायची. ‘आय थिंक’ सारांशात कधीच नको, ती ए-५ ची जागा. शीर्षक विसरू नका, त्यालाही गुण असतात. सुचेना तर उताऱ्याचा विषय आणि त्याबद्दलची एक गोष्ट जोडा: ‘लोणार, द लेक दॅट टर्न्ड पिंक’. सारांश एकाच परिच्छेदात.

मोरपीस१०

वाचतेय, माझ्या भाच्यालाही उपयोगी आहे. एक विचारते: मराठीत आधी सांगायची सवय लागली तर परीक्षेत वेळ जाणार नाही का?

दुसरीबाजू

तोंडी तीन वाक्यांना अर्धं मिनिट लागतं. पूर्ण उताऱ्याचं भाषांतर करायला बसलं तर मात्र वेळ जातो, ते करू देऊ नका. आठवड्याला तीन सारांश पुरे, पण प्रत्येकाचे शब्द मोजा. सुरुवातीला ते ९० वर जातील. तेव्हा नवा लिहायला न लावता त्यातलेच शब्द खोडून ६० वर आणायला सांगा.

रानजाई

ठरवलं ते लिहून ठेवते, चुकत असेल तर सांगा. पाऊण तासातली १५ मिनिटं ए-४ चा एक प्रकार, उरलेल्या अर्ध्या तासात एक उतारा, आणि एक दिवसाआड त्याचाच सारांश. पहिले दोन आठवडे भूगोलाचं इंग्रजी पुस्तक, मग जुन्या कृतिपत्रिका.

फळाखडू

चालेल. फक्त ज्या दिवशी सारांश आहे त्या दिवशी ए-४ सोडा, नाहीतर सारांश घाईत उरकला जाईल. आणि भूगोलाच्या पुस्तकातल्या उताऱ्यावर कृती तयार मिळणार नाहीत. त्या तिलाच काढायला सांगा, चार चूक-बरोबर विधानं आणि एक वेब. चुकीचं विधान बनवताना कुठला शब्द फिरवायचा हे तिला शोधावं लागेल. मग पुढे कृतिपत्रिकेत तो फिरवलेला शब्द पटकन दिसतो.